जोर्वे संस्कृतीतील माता व बालके

जोर्वे संस्कृती ही महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन कृषिसंस्कृती असून तिचा काळ सुमारे इ.स.पू. १४०० ते ७०० असा मानला जातो. अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावावरून तिला हे नाव मिळाले. प्रवरा खोऱ्यातील नेवासे व दायमाबाद ही तिची महत्त्वाची स्थळे होत. समकालीन लेखन उपलब्ध नसल्याने या समाजातील मातांचे जीवन मुख्यतः घरे, मूर्ती आणि बालकांच्या दफनांवरून अभ्यासले जाते. याउलट, त्याहून प्राचीन सुमेरमधील गिर्सू येथील मृत्तिकापट्टांवर विणकर स्त्रिया व त्यांच्या मुलांना मिळणाऱ्या धान्याच्या नोंदी आहेत.

बालकांची दफने

मृत बालकाला दोन मातीच्या कुंभांत ठेवून, ते तोंडाला तोंड लावून आडवे पुरले जात. ही दफने बहुधा घराच्या जमिनीखाली आढळतात. प्रौढांना खड्ड्यात उताणे पुरत व अनेकांची पावले घोट्यापासून तोडलेली असत. नेवासे येथे एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ आढळली. तिच्या धाग्यात कापूस व रेशीम असल्याचे परीक्षणात दिसून आले. तांबे दुर्मिळ असलेल्या काळात बालकासोबत अशी माळ पुरणे हे त्याच्याविषयीच्या आस्थेचे द्योतक मानता येते.

आरोग्य व पोषण

पुणे जिल्ह्यातील इनामगाव (उत्खनन १९६८–१९८३) येथील दफनांत बालकांचे प्रमाण मोठे आहे. दुधाच्या दातांचे कवच गर्भावस्थेत व जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात तयार होते. त्यामुळे तेथील बालकांच्या दातांवरील दोषांतून बाळाबरोबरच मातेच्या पोषणाचाही अंदाज घेता येतो.

मातृदेवता

नेवासे व इनामगाव येथे शिरोहीन स्त्रीमूर्ती सापडल्या. इनामगावची कच्च्या मातीची मूर्ती बैलाच्या मूर्तीसह, मातीच्या पेटीसमवेत घराच्या जमिनीखाली पुरलेली होती. काही संशोधक तिचा संबंध सुफलता व बालरक्षणाशी जोडतात.

दैनंदिन कामे

जव, मसूर, कुळीथ यांसारखी पिके, धान्य दळण्याचे दगड आणि सूत कातण्याच्या चात्या यांवरून घरातील श्रमांचे स्वरूप कळते. ही कामे स्त्रियाच करीत, हे मात्र केवळ या वस्तूंवरून सिद्ध होत नाही. मातृत्वाविषयीचा सर्वांत थेट पुरावा बालकांच्या दफनांतूनच मिळतो.