परदेशातील विद्यापीठीय शिक्षणाचे लाभ : दोन विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रास्ताविक :

परदेशात जाऊन विद्यापीठीय शिक्षण घेण्याचे लाभ कोणते, असे विद्यार्थ्यांना विचारले असता पदवी, नोकरी व वेतन ही उत्तरे प्रथम येतात. ती चुकीची नाहीत. तथापि अपुरी आहेत. परक्या भाषेत व्यवहार करणे, स्वयंपाक व हिशेब स्वतः सांभाळणे, अन्य देशांतील सहाध्यायी मिळणे हे लाभही सर्वांच्या परिचयाचे असल्याने त्यांचा विस्तार येथे केलेला नाही. स्वतःच्या समाजाकडे दुरून पाहण्याची आणि त्याविषयी शास्त्रीय प्रश्न विचारण्याची संधी हा या शिक्षणाचा एक महत्त्वाचा लाभ असून त्याची चर्चा मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील दोन विद्यार्थ्यांच्या आधारे या लाभाचा विचार केला आहे.

कोलंबिया विद्यापीठातील तीन वर्षे :

डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षे मुदतीची शिष्यवृत्ती दिली होती. या काळात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी पाहिली असता तिचा विस्तार लक्षात येतो. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन या भाषांचे प्राथमिक अभ्यासक्रम प्रत्येकी एक, असे एकूण ६० अभ्यासक्रम त्यांनी घेतले. सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र शिकणारा हा विद्यार्थी जॉन ड्यूई यांच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गातही बसत होता. विषयांच्या भिंती ओलांडण्याची ही मुभा या विद्यापीठाने दिलेली मोठी देणगी होय.

या मुभेचे फळ ९ मे १९१६ रोजी दिसून आले. प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेची यंत्रणा, उत्पत्ती व विकास यांवर निबंध वाचला. जातीचे मूळ लक्षण जातीअंतर्गत विवाहाचे बंधन हे असून सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथा ते बंधन टिकविण्याचे उपाय होत, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्या व्यवस्थेने शाळेत त्यांना वेगळे बसविले, तिच्याकडे त्यांनी येथे संशोधनाचा विषय म्हणून पाहिले. युरोप-अमेरिकेतील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे आत्मकथनात नमूद केले आहे. हा निबंध लिहिताना त्या मोकळेपणाचाही हातभार लागला असावा, असे म्हणण्यास जागा आहे.

अर्थात, या लाभाला दुसरी बाजूही आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. त्यांचे सामान व पुस्तके घेऊन येणारे जहाज महायुद्धात बुडाले. करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. परंतु तेथे त्यांना राहावयास घर मिळेना, आणि ज्या पारशी विश्रामगृहात त्यांनी आश्रय घेतला तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. विद्यार्थी बदलून येतो, समाज मात्र जागच्या जागी असतो. पुढे मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून साठविलेले पैसे आणि छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले व १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. ही पदवी संपादन केली.

गुरूशी असहमत होण्याचे शिक्षण :

दुसरे उदाहरण इरावती कर्वे यांचे आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे त्यांचे सासरे धोंडो केशव कर्वे यांनाच हा बेत पसंत नव्हता, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे होते. कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेचा वंशाशी संबंध असतो, हे फिशर यांचे गृहीतक. कर्वे यांनी प्रत्यक्ष मोजमापे घेतली व असा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष प्रबंधात मांडला. ही संस्था पुढे नाझींच्या वंशवादी धोरणात सामील झाली, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे मोल कळते. नामांकित संस्थेतही चुकीचे शास्त्र शिकविले जाऊ शकते. तेथे शिकलेल्या मोजमापाच्या पद्धतीनेच ते खोडूनही काढता येते. हीच शिस्त घेऊन त्या परतल्या. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतातील आप्तसंबंधांचा अभ्यास केला व त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला.

लाभ कोणाला मिळतो ? :

कर्ज काढून जाणारा विद्यार्थी हप्त्याचा विचार करूनच विषय निवडतो. त्याला साठ अभ्यासक्रमांची चैन परवडणारी नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. म्हणून शिष्यवृत्तीचे स्वरूप हा येथे कळीचा प्रश्न ठरतो. महाराष्ट्र शासनाने २००३ मध्ये अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती सुरू केली आणि लाभार्थींची संख्या पुढे वर्षाला ७५ पर्यंत वाढविली. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती त्याहून बरीच जुनी आहे. या केंद्रीय योजनेच्या २०२२-२३ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक संशोधन हे विषय वगळण्यात आले. अशा विषयांची साधने व तज्ज्ञ भारतातच उपलब्ध आहेत, असा त्यामागील युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद वरकरणी पटण्याजोगा वाटतो. परंतु १९१६ चा निबंध या निकषात बसला नसता. शिवाय साधने भारतातच आहेत हे विधानही पूर्णतः खरे नाही. ईस्ट इंडिया कंपनी व इंडिया ऑफिस यांची दप्तरे लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहेत. आपल्याच जिल्ह्याच्या महसुलाचा किंवा दुष्काळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या येथील विद्यार्थ्याला त्यांतील अनेक कागद पाहण्यासाठी आजही तेथेच जावे लागते.