सीट मऊ हवी की घट्ट?

मोहोळ-मंगळवेढ्याकडं वाडी-वस्तीवर गटाच्या बैठकीला जाताना कच्च्या रस्त्यानं कंबर धरते, मग आम्ही गाडीची सीट बदलायला निघतो. दुकानात अंगठ्यानं दाबून मऊ सीट घेऊ नका. मऊ फोम तासाभरात दबतो आणि खालचा कडक तळ लागतो. फोम घट्टच हवा, बैठक मागं रुंद, म्हणजे भार पसरतो. पुढं मात्र निमुळती ठेवायला सांगा. तिथं रुंद केली की पाय टेकत नाहीत, आणि चिखलात गाडी कलली की पायच सावरतो. जुन्या तळावरच कारागीर नवा फोम बसवतात, अख्खी सीट कशाला? सोलापूरच्या उन्हात काळं रेक्झिन चटका देतं. फिकं घ्या, पण गुळगुळीत नको, साडी घसरते. मागं बसणारीला धरायचा पट्टा काढू देऊ नका. पैसे द्यायच्या आधी दोन्ही पाय टेकवून बघा.