ज्येष्ठांचा एकाकीपणा आणि सोबतीची गरज

एकटे राहणे आणि एकाकी असणे या भिन्न गोष्टी आहेत. गावी एकट्या राहणाऱ्या वृद्धेला शेजाऱ्यांची सोबत असू शकते. उलट मुलाच्या नोकरीमुळे परप्रांतात आलेले वडील भरल्या घरातही एकाकी होतात. दिवसभर घरातील मंडळी बाहेर असतात आणि बागेत भेटणाऱ्यांची भाषा त्यांना येत नसते.

हा प्रश्न केवळ मनाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, सर्व वयोगट मिळून, जगभरातील वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंचा संबंध एकाकीपणाशी जोडला आहे.

ज्येष्ठ नागरिकांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘एल्डरलाइन’ ही राष्ट्रीय मदतवाहिनी सुरू केली. १४५६७ या निःशुल्क क्रमांकावर माहिती, कायदेविषयक मार्गदर्शन आणि भावनिक आधार मिळतो. छळ सोसणाऱ्या अथवा बेघर वृद्धांच्या मदतीसाठी कर्मचारी प्रत्यक्षही जातात.

तथापि, दूरध्वनीवरील आवाज रोजच्या सोबतीची उणीव भरून काढू शकत नाही. महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघांचे बळ त्यांच्या नियमितपणात आहे. वेळ ठरलेली, जागा ठरलेली. एखादा सभासद दोन दिवस दिसला नाही, तर त्याची चौकशी होते. इतर राज्यांतील महाराष्ट्र मंडळांनाही हे साधता येईल. गणेशोत्सव वर्षातून एकदाच येतो, आठवड्यातील एखादी दुपार मात्र ज्येष्ठांसाठी राखून ठेवता येते. पहिल्या दिवशी घरातील कुणीतरी सोबत जावे. सत्तरीनंतर अनोळखी माणसांत एकट्याने जाऊन बसणे सोपे नसते.