ढगांच्या पायऱ्या, बांबूच्या टोपल्या

ॲरिझोनाच्या कोरड्या पठारांवर होपी लोक शतकानुशतकं पावसाच्या भरवशावर मका पिकवत आले आहेत. त्यामुळे त्यांच्या कलेत पाऊस ठायी ठायी दिसतो. पायऱ्यांसारखा आकार म्हणजे ढग, त्याखालच्या उभ्या रेषा म्हणजे सरी. कात्सिना या आत्म्यांच्या बाहुल्या कोरायच्या त्याही पाण्याचा माग काढत जाणाऱ्या कॉटनवुडच्या मुळापासून. त्या मुलींना दिल्या जातात. त्यांना नुसतं खेळणं समजणं चूक ठरेल. कोणती कात्सिना कोणती, हे मुली त्यांतून शिकतात.

होपींच्या मडक्यांच्या परंपरेतलं सर्वांत मोठं नाव नाम्पेयो. सिक्यात्की या उजाड गावातल्या जुन्या खापरांवरच्या पक्ष्यांची पिसं आणि पंख तिने पुन्हा मडक्यांवर आणले. दृष्टी गेल्यावरही ती केवळ स्पर्शाने मडकी घडवत राहिली. रंगकाम घरच्यांनी केलं. १९४२ मध्ये तिचं निधन झालं.

होपींसारखेच अमेरिकेचे मूळनिवासी असलेल्या चेरोकींचा मूळ प्रदेश मात्र ॲपलाचियनच्या दाट जंगलांचा. तिथला निसर्ग टोपलीत उतरतो: नदीकाठच्या बांबूची दुहेरी वीण, काळ्या अक्रोडाचा गडद तपकिरी रंग, ब्लडरूटचा केशरी. त्यांच्या कथेत पाण्यावर चालणाऱ्या कोळ्याने पाठीवरच्या विणलेल्या भांड्यातून पहिला विस्तव आणला. १८३८-३९ मध्ये या लोकांना सक्तीने पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमात नेण्यात आलं. वाटेत हजारो दगावले. तिथे विणकरणींनी बकब्रश आणि हनीसकलच्या वेली हाती घेतल्या. त्या टोपल्या आजही विणल्या जातात.