आजारी नसताना डॉक्टर घरी कशाला?

आमच्या गावातल्या एका आजींचा मुलगा दर महिन्याला दवाखान्यात येई. "आई बरी आहे, गोळ्या तेवढ्या लिहून द्या," म्हणे आणि मी लिहून देई. असे दीड वर्ष चालले. एका पहाटे आजी मोरीत पडल्या व खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, शेताचा तुकडा गहाण पडला. पण आजी पुन्हा स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत गेल्या नाहीत.

पुढे त्यांना पाहायला घरी गेलो तेव्हा उशाशी औषधांचा डबा दिसला. रक्तदाबाची एकच गोळी त्यात दोन वेगळ्या नावांनी होती. एक मी दिलेली, दुसरी शहरातल्या डॉक्टरांची. आजी दोन्ही घेत होत्या. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, असे त्यांनी तेव्हा सांगितले. मोरीत दिवा नव्हता, शहाबादी फरशीवर शेवाळ होते. दहा मिनिटांत दिसले ते मला दवाखान्यातल्या खुर्चीवरून दीड वर्ष दिसले नव्हते.

वाचकहो, यावर डेन्मार्कमध्ये फार पूर्वी विचार झाला. कोपनहेगनजवळच्या रोदोव्रे येथे ७५ वर्षांवरील २८५ जणांच्या घरी तीन वर्षे दर तीन महिन्यांनी भेट दिली गेली. दुसऱ्या २८७ जणांना अशा नियमित भेटी दिल्या गेल्या नाहीत. १९८४ साली निष्कर्ष आले : भेटी मिळालेल्या गटात रुग्णालयात २१९ वेळा दाखल व्हावे लागले, दुसऱ्यात २७१ वेळा. मृत्यू ५६ आणि ७५. १९९६ मध्ये तेथे कायदाच झाला आणि ७५ वर्षांवरील प्रत्येकाला वर्षातून दोन घरभेटी देऊ करणे नगरपालिकांना बंधनकारक ठरले. पुढे त्या नियमात बदल झाले.

मात्र घरभेट म्हणजे पैसे वाचलेच, असे नाही. नेदरलँड्समध्ये अशक्त वृद्धांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली आले. तेथे परावलंबित्व कमी झाल्याचे दिसले नाही. २००२ च्या एका मोठ्या आढाव्यात पुन्हा पुन्हा दिलेल्या भेटी अधिक उपयोगी आढळल्या होत्या. एकदा जाऊन फॉर्म भरून यायचे, हे काही कामाचे नाही, असे माझेही मत आहे.

आपल्याकडे २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांसाठी आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. उत्तम झाले. पण ती दाखल झाल्यावर. मोरीतल्या दिव्याला त्यातून पैसे मिळत नाहीत, आणि तो दिवा फार तर शंभर-दोनशे रुपयांचा.

घरच्यांनाही एक तपासणी करता येते. आजी-आजोबांना खुर्चीतून उठून दहा फूट चालून, वळून, परत येऊन बसायला सांगा. नेहमीच्या चालीने, शेजारी कुणी उभे राहून. १२ सेकंदांहून अधिक लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना सांगा. जाताना गोळ्यांचा सगळा डबा न्या, नुसती चिठ्ठी नको. रक्तदाब झोपून आणि उभे राहून, दोन्ही वेळा मोजायला सांगा. आपल्या मनाने गोळी मात्र बंद करू नका.

आता मी रविवारी सकाळी तीन-चार घरी जातो. मागच्या आठवड्यात त्याच आजींच्या धाकट्या जाऊबाईंकडे गेलो. "मला काही झालं नाही, डॉक्टर, चहा घ्या नि जा," म्हणाल्या. चहा घेतला, आणि पलंगापासून मोरीपर्यंत त्यांच्याबरोबर चालून आलो. वाटेत दोन उंबरे लागले.