मेंदूतील आडवाट

हृदयातून निघालेले रक्त रोहिण्यांतून केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्यांत जाते व नीलांतून परत फिरते, हे तुम्ही शिकलाच आहात. केशवाहिन्यांत रक्ताचा वेग मंदावतो आणि दाबही उतरतो.

काही व्यक्तींच्या मेंदूत एखाद्या ठिकाणी हा मधला दुवाच नसतो. रोहिण्या सरळ नीलांना जोडलेल्या असतात व तेथे वाहिन्यांचा गुंता होतो. नीलेची भिंत पातळ; रोहिणीतील दाब सोसण्यासाठी ती घडलेलीच नाही. ती फुगते आणि कधीतरी फुटते. कित्येकांना त्याआधी फेफरे येते, कित्येकांना काहीच होत नाही.

कवटीच्या आत पाहायचे कसे? साध्या क्ष-किरण चित्रात रक्तवाहिन्या दिसत नाहीत. १९२७ साली लिस्बनच्या डॉ. एगास मोनिझ यांनी मानेतील रोहिणीत सोडियम आयोडाइडचा द्राव सोडला. आयोडीन क्ष-किरणांना अडवते, त्यामुळे वाहिन्यांचे जाळे चित्रात उमटले. (मोनिझ यांना १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र मेंदूवरील एका शस्त्रक्रियेबद्दल, आणि ती पुढे टाकून द्यावी लागली!)

आता जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी सरकवून आयोडीनयुक्त द्राव सोडतात व भराभर चित्रे घेतात. निरोगी मेंदूत आधी रोहिण्या दिसतात, काही सेकंदांनी नीला. गुंता असेल तर रोहिण्यांबरोबरच नीलाही भरलेली दिसते. ही घाईच रोगाची खूण.

याचा एक भाऊबंद मात्र या चित्राला चकवतो. त्याच्या तुतीसारख्या पुंजक्यात रक्त जवळजवळ साचलेले असते, म्हणून द्राव तेथे पुरेसा पोचत नाही. तो सापडतो एम.आर.आय. यंत्रात. झिरपलेल्या रक्तातील लोह भोवती साठते आणि चुंबकीय क्षेत्रात त्याचे काळे कडे दिसते.

सापडल्यावर काय करायचे, हा खरा पेच. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, कधीही न फुटलेला गुंता असलेल्या सुमारे सव्वादोनशे रुग्णांपैकी ज्यांच्या गुंत्यावर उपचार झाले त्यांच्यात पक्षाघात वा मृत्यू अधिक आढळले. पण ही पाहणी जेमतेम पावणेतीन वर्षांची होती. न फुटलेला गुंता फुटण्याचा संभव वर्षाला शेकडा २ च्या आसपास धरतात. ०.९८ चा ४० वा घात काढून पाहा, ०.४५ येतो. म्हणजे ४० वर्षांत गुंता न फुटण्याचा संभव निम्म्याहूनही कमी! म्हणूनच तेच चित्र पाहून सत्तरीच्या आजोबांना डॉक्टर 'राहू द्या' म्हणतील, पण पंधरा वर्षांच्या नातवासाठी शस्त्रक्रियेचा विचार करतील.