बॉम्बे रक्तगट आणि न पिकणारं गळू

या आठवड्यात सियालिक आम्लाकडे वळायचं कबूल केलं होतं. पण सांगलीहून एका शिक्षिकाबाईंचं पत्र आलं आणि बेत बदलला. त्या लिहितात, ‘पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीचा काठ धरायला फ्युकोज ही साखर लागते, असं तुम्ही गेल्या वेळी सांगितलंत. माझ्या धाकट्या भावाचा रक्तगट बॉम्बे. त्याच्या पेशींवर फ्युकोज नसतं, असं आम्हाला रक्तपेढीत सांगितलं होतं. मग त्याच्या पांढऱ्या पेशी काठ धरतात कशा?’

बाई, आधी काळजी मिटवतो. बॉम्बे रक्तगटामुळे तुमच्या भावाच्या पांढऱ्या पेशींचं काहीही बिघडत नाही. पण तुम्ही जो धागा पकडलात, त्याच धाग्याने १९९२ साली नोंदवलेल्या एका विलक्षण आजाराचा उलगडा झाला. त्याला अख्खा लेख द्यायलाच हवा.

ओ गटाची तांबडी पेशी अगदी कोरी, अशी आपली समजूत असते. ती तशी नसते. तिच्यावरही साखरेची साखळी असते आणि त्या साखळीच्या टोकाशी फ्युकोज असतं. या टोकाला ‘एच’ म्हणतात. ए आणि बी गटांत त्याच टोकावर आणखी एकेक साखर चढते. १९५२ साली डॉ. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी मुंबईत अशी माणसं शोधली, ज्यांच्या रक्तात ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या होत होत्या. त्यांच्याकडे ‘एच’च नव्हतं. शरीराने ते कधी पाहिलेलंच नाही, म्हणून परकं मानलेलं. भारतात दहा हजारांत साधारण एक माणूस असा सापडतो, युरोपात दहा लाखांत एखादा.

आता तुमचा प्रश्न. तांबड्या पेशीवर फ्युकोज बसतं ते गॅलॅक्टोजच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर. पांढरी पेशी ज्या साखळीने काठ धरते, तिच्यात ते दुसऱ्याच साखरेच्या तिसऱ्या कार्बनवर बसतं. जागा वेगळी, म्हणून बसवणारं विकरही वेगळं. बॉम्बे गटात पहिल्या जागेचा कारागीर गैरहजर असतो. दुसऱ्या जागेचा कामावर असतो. तेव्हा रक्तपेढीतलं वाक्य एवढंच दुरुस्त करा : भावाच्या तांबड्या पेशींवर ‘एच’मधलं फ्युकोज नाही. पांढऱ्या पेशींच्या काठ धरणाऱ्या साखळीवर मात्र फ्युकोज आहे.

मग कारागीर सगळे हजर, पण मालच आत आला नाही तर?

इस्रायलमधल्या हैफाच्या डॉ. आमोस एत्झिओनी यांच्यासमोर दोन वेगवेगळ्या कुटुंबांतली दोन मुलं आली. दोघांची वाढ खुंटलेली, बुद्धीचा विकास फार मागे, पुन्हा पुन्हा गंभीर जंतुसंसर्ग. रक्तात पांढऱ्या पेशींची तर नुसती रेलचेल. आणि जखमेत पू नाही. आपल्याकडे गळू पिकलं की घरातली मोठी माणसं म्हणतात, आता उतार पडेल. पिकणं म्हणजे पांढऱ्या पेशी तिथे पोचून कामी येणं. इथे त्या पोचतच नव्हत्या. पुरात वाहणारा माणूस काठावरच्या वेली धरतो, एक सुटली की दुसरी पकडतो आणि वेग मोडतो. सूज आलेल्या जागी वाहिनीच्या अस्तरावर उगवणारी सिलेक्टिनं म्हणजे त्या वेली. या मुलांच्या पेशींचा हातच त्यांवर बसत नव्हता. वेली होत्या, पेशी तशाच पुढे वाहून जात होत्या.

आणि दोघांचाही रक्तगट बॉम्बे! मला या गोष्टीत सर्वांत जास्त आवडतो तो हाच क्षण. तांबड्या पेशीवर फ्युकोज नाही, पांढरीवरही नाही. दोन्हीकडची विकरं वेगळी असताना हे दोन्ही एकदम कसं घडावं? म्हणजे खोट विकरांच्या अलीकडे, फ्युकोजच्या पुरवठ्यातच असणार. २००१ साली ती सापडली. पेशीत ज्या गॉल्जी भागात साखळ्या विणल्या जातात, तिथे फ्युकोज नेणारं प्रथिन बिघडलेलं होतं. कोठारात माल, कारखान्यात कारागीर आणि मधलं दार बंद.

याच आजाराच्या एका तुर्की मुलाला जर्मनीतल्या डॉक्टरांनी १९९९च्या सुमारास चक्क फ्युकोज तोंडावाटे दिलं. त्याचं दार किलकिलं असावं. बाहेर ढीग वाढला तसं थोडं आत गेलं. सिलेक्टिन धरणाऱ्या साखळ्या परत आल्या, ताप आणि संसर्ग थांबले. औषध बंद केलं, तेव्हा साखळ्या थोड्याच दिवसांत नाहीशा झाल्या आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी पुन्हा वाढल्या. हैफाच्या मुलांना मात्र त्याच उपचाराचा गुण आला नाही. आजाराचं नाव एक, पण जनुकातला बदल निराळा.

बाईंनी ताजा कलमात विचारलंय : भावाने रक्त द्यावं का? जरूर द्यावं. पण त्याआधी जवळच्या रक्तपेढीत दुर्मीळ रक्तदाता म्हणून नाव नोंदवावं. त्याला स्वतःला कधी रक्त लागलं, तर ते बॉम्बे गटाच्याच माणसाकडून घ्यावं लागेल. अशा वेळी ती यादीच उपयोगी पडते. तुम्ही आणि इतर सख्ख्या भावंडांनीही ‘एच’ची तपासणी करून घ्या. सख्ख्या भावंडांत हा गट निघण्याचा संभव बराच असतो.

सियालिक आम्ल पुढच्या आठवड्यात.